पोलादाची सोंगं

1520च्या वसंतात लंडनजवळच्या ग्रिनिचच्या राजेशाही कारखान्यात धांदल उडाली होती. इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्स्वा जून महिन्यात कॅलेजवळ भेटणार होते. भेटीत मेजवान्या होत्या, तशाच झुंजीही. पायी लढण्याच्या झुंजीसाठी हेन्रीचं नवं चिलखत तयार होत आलं होतं. त्यात 235 तुकडे होते आणि वजन होतं बेचाळीस किलोंच्या वर. काखेत, गुडघ्यामागे, बैठकीवर, कुठेही फट नव्हती. तेवढ्यात फ्रेंचांनी नियम बदलला : अशा झुंजीत पोलादी घागऱ्याचं चिलखत घालायचं. ग्रिनिचच्या कारागिरांनी हातचं काम बाजूला ठेवलं आणि जुन्या सुट्या भागांची जुळवाजुळव करून दुसरं चिलखत वेळेत उभं केलं. अर्धवट राहिलेलं पहिलं चिलखत आज लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. 1960च्या दशकात अमेरिकी अभियंते अंतराळवीरांच्या पोशाखाचा विचार करत होते, तेव्हा त्यांनी त्याचे सांधे अभ्यासले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायची तर अशी. मध्ययुगात झुंज हा लढाईचा सराव होता. पंधराव्या शतकात दोन स्वारांमध्ये लाकडी कठडा आला आणि ते डावी बाजू कठड्याकडे ठेवून एकमेकांसमोरून दौडू लागले. त्यामुळे डाव्या खांद्यावर, छातीवर आणि कोपरावर जादा जाड पत्रे चढले. सोळाव्या शतकापर्यंत चिलखतांचे संचच बनू लागले. एका मूळ पोशाखावर तुकडे बदलले की तो युद्धाला, भाल्याच्या झुंजीला किंवा पायी लढतीला चालायचा. एवढं पुरे, कारण खरी मौज पुढे आहे.

ती मौज म्हणजे पोलादाने घेतलेली सोंगं. व्हिएन्नाच्या नॉय बुर्ग राजवाड्यात विल्हेल्म फोन रोगेनडोर्फ या सेनानीचं चिलखत उभं आहे. ऑग्सबर्गच्या कोलमान हेल्मश्मीडने ते 1523च्या सुमाराला घडवलं. प्रस्तुत लेखकाच्या मते युरोपातल्या शस्त्रसंग्रहातली याहून मजेदार वस्तू शोधायला गेलं तरी सापडणार नाही. भाडोत्री जर्मन पायदळी सैनिक तेव्हा फुगीर बाह्यांचे, जागोजागी कापून आतलं रंगीत अस्तर दाखवणारे कपडे घालत. तेच कपडे इथे पत्र्यात उतरले आहेत. खांद्यापासून कोपरापर्यंत बाह्या फुग्यासारख्या फुगलेल्या, त्यांवर कापडाच्या चिरा कोरलेल्या. तरीही प्रत्येक पट्टी दुसरीवर सरकते आणि हात वळतो! कापडाच्या मऊपणाची नक्कल करायला निवडलेली वस्तू कोणती, तर पोलाद. हा गर्विष्ठपणा ज्याला भावला नाही, त्याने हा लेख इथेच मिटावा.

आता चेहरे. हॅब्सबर्ग सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने तरुण हेन्रीला भेट म्हणून पाठवलेलं शिरस्त्राण लीड्समध्ये आहे. इन्सब्रुकच्या दरबारी कारखान्यात कॉनराड झ्यूझनहोफरने 1511 ते 1514 या काळात ते बनवलं. त्यावर मेंढ्याची वळलेली शिंगं, डोळ्यांवर चष्म्याची चौकट, विचकलेले दात, गालांवर दाढीचे खुंट आणि नाकाच्या शेंड्याला लोंबणारा थेंबही. राजा हे घालून झुंजीच्या मिरवणुकीत आला असेल, तर लोक हसले असतील. आणि त्यासाठीच ते होतं. सोबतचं बाकी चिलखत सतराव्या शतकात भंगारात गेलं. मग लंडनच्या टॉवरमध्ये हे शिरस्त्राण बराच काळ हेन्रीचा विदूषक विल सोमर्स याचं म्हणून दाखवलं जाई.

  

पण पत्र्यावर दात आणि दाढी कोरायची कशी? पत्र्यावर मेणासारखा थर चढवायचा, सुईने नक्षी ओरखडायची आणि आम्लाला उघडं पडलेलं पोलाद खाऊ द्यायचं. हीच युक्ती पुढे चित्रछपाईत गेली. ऑग्सबर्गचा डॅनियल होप्फर याने 1500च्या सुमाराला लोखंडी पत्र्यांवर अशी नक्षी करून त्यांचे कागदी ठसे काढले. झळाळी हवी असेल तर सोनं पाऱ्यात कालवून पत्र्यावर लावत आणि तापवत. पारा उडून जाई, सोनं उरे आणि कारागिराच्या छातीत वाफ जाई.

मिलानच्या फिलिप्पो नेग्रोलीचा मार्ग वेगळा. तो मागून ठोकून पत्र्यावर उठाव काढी. सम्राट पाचव्या चार्ल्ससाठी त्याने 1533मध्ये केलेल्या शिरस्त्राणावर सोनेरी कुरळे केस आणि दाढी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या 1543च्या शिरस्त्राणावर एक सागरकन्या मेड्युसाचं मुंडकं केसांना धरून आहे आणि हे सगळं एकाच पत्र्यातून काढलेलं. मात्र अशा उंचवट्यांत भाल्याचं टोक अडकतं, घसरून जात नाही. म्हणून ही कामं झुंजीपेक्षा मिरवण्याची.

मिलान आणि ऑग्सबर्गमधली चुरस नुसती कारागिरीची राहिली नाही. कोलमानचा मुलगा डेझिडेरियस याने 1552मध्ये स्पेनच्या फिलिपसाठी एक ढाल पुरी केली. तिच्या काठावर एक बैल एका योद्ध्यावर धावून जातो. योद्ध्याच्या ढालीवर अक्षरं आहेत : नेग्रोल. राजपुत्राच्या पैशाने, राजपुत्राच्याच ढालीवर प्रतिस्पर्ध्याला शिंगावर घेण्याची ही हौस माद्रिदच्या शस्त्रसंग्रहात आजही पाहता येते. फिलिपला ती खुपली नसावी. ढाल त्याच्याचकडे राहिली.

एवढ्या पत्र्यातूनही माणूस मरायचा. 30 जून 1559ला पॅरिसमध्ये दुसरा हेन्री हा फ्रेंच राजा माँगोमेरी या सरदाराशी भाल्याने लढत असताना तुटलेल्या भाल्याची किरच शिरस्त्राणाच्या फटीतून आत गेली आणि तो 10 जुलैला वारला. तरी इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणदिनी, 17 नोव्हेंबरला, व्हाइटहॉलला झुंजी होतच राहिल्या.

त्या झुंजींतला सर्वांत झगमगता गडी म्हणजे कंबरलंडचा अर्ल जॉर्ज क्लिफर्ड. 1590मध्ये तो राणीचा अधिकृत वीर झाला. निकोलस हिलियर्डने काढलेल्या त्याच्या छोट्या चित्रात त्याच्या टोपीवर राणीचा हातमोजा खोचलेला दिसतो. त्याचं ग्रिनिचला 1586च्या सुमाराला बनलेलं चिलखत सोनेरी पट्ट्यांचं आहे. त्यावर ट्यूडर गुलाब, फ्रेंच कमळं आणि एलिझाबेथच्या नावाची जोडलेली दोन ई अक्षरं कोरली आहेत. झुंजीचे जादा तुकडे वेगळेच. कारखान्याचा प्रमुख तेव्हा याकोब हाल्डर होता आणि त्याच्या रचनांची चित्रवही आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

क्लिफर्डने कमावलेलं बरंचसं समुद्री मोहिमांत घातलं. 1598मध्ये पोर्तो रिकोतलं सान हुआन त्याने घेतलं, पण ते हाती टिकलं नाही. 1605मध्ये तो कर्जात मेला. चिलखत मात्र तेव्हा विकलं गेलं नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या घराण्याच्या अ‍ॅपलबी गढीत राहिलं आणि 1932मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दाखल झालं.