पडून राहिलेला माल

आमच्या बँकेच्या भाषेत ‘पडून राहिलेला माल’ ही जवळजवळ शिवीच होती. मालतारण कर्जाचं गोदाम तपासायला गेलं, की पहिली नजर जायची ती कोपऱ्यातल्या धूळ बसलेल्या पोत्यांकडे. सहा महिने माल हललेला नाही म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असा आमचा ठोकताळा. उत्तर स्पेनमधल्या रिओहात मात्र धूळ हीच ऐपत. तिथली रेड वाईन जितकी पडून राहील, तितका तिचा मान मोठा. आणि हे चक्क नियमात लिहिलेलं आहे.

‘क्रियान्सा’ म्हणजे किमान २ वर्षं मुरलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. ‘रेसेर्वा’ ३ वर्षांची. ‘ग्रान रेसेर्वा’ला ५ वर्षं, त्यातली निदान २ पिंपात आणि २ बाटलीत. एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. आता हिशेब मांडा. द्राक्षांचे पैसे यंदा द्यायचे, गिऱ्हाईक येणार पाच वर्षांनी. मधलं व्याज कुणी भरायचं? माझ्या डोक्यात हा प्रश्न आधी आला, चव नंतर. निवृत्त झालो तरी खोड जात नाही.

लहान पिंपांत वाईन मुरवण्याची रीत फ्रान्समधल्या बोर्दोची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीनं वेलींची मुळं शोषून फ्रान्समधले मळे उजाड केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारी माल शोधत एब्रो नदीच्या खोऱ्यात उतरले. आरो गावच्या रेल्वे स्टेशनाभोवती वाईनच्या पेढ्या उभ्या राहिल्या. १८७७ची लोपेस दे एरेदिया आजही तिथंच आहे. पिंपं ते घरचेच कारागीर ठेवून बनवतात आणि ग्रान रेसेर्वा वीसेक वर्षांनी बाजारात आणतात. तळघरातली कोळ्यांची जाळी मुद्दाम झाडत नाहीत, कारण कोळी बुचांना लागणारे पतंग खातात.

सगळ्यांना असं थांबणं परवडत नाही. रेड वाईनचा खप घटतो आहे. २०२३ साली तर रिओहातली शिल्लक वाईन उकळून औद्योगिक अल्कोहोल करण्यासाठी अनुदान द्यावं लागलं. वर्षभराची छाटणी, तोडणी आणि शेवट असा! कर्जाच्या हप्त्याला वाईन मुरण्याची वाट पाहता येत नाही, आणि त्यात आधी भरडला जातो तो लहान बागायतदार.

इथलं मुख्य द्राक्ष टेम्प्रानियो. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. ते लवकर पिकतं म्हणून हे नाव. द्राक्ष उतावळं, वाईन सावकाश! कोवळेपणी तिला चेरीची आंबटगोड चव असते आणि जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडते तसा तुरटपणा. अमेरिकन ओकच्या पिंपातून व्हॅनिलाचा आणि किंचित खोबऱ्याचा वास येतो. वर्षं गेली की तुरटपणा निवतो. मग सुकं अंजीर, तंबाखूचं पान, जुनं चामडं. माझं मत विचाराल तर पैसे रेसेर्वावर खर्चावेत. ग्रान रेसेर्वा फार अबोल.

जोडीला तिथं कोकराच्या छोट्या चापा असतात, वेलींच्या छाटलेल्या सुक्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या. वर फक्त मीठ. मांसातली चरबी नि प्रथिनं वाईनचा तुरटपणा शोषून घेतात. घास आणि घोट एकमेकांची धार काढून टाकतात. क्रियान्साबरोबर बटाट्याचा रस्सा, त्यात चोरिसो हे लाल पापरिका घातलेलं डुकराचं सॉसेज. लोग्रोन्योच्या काये लाउरेल गल्लीत काडीला टोचलेले लसणाचे मशरूम मिळतात, वर एक कोळंबी. उभ्यानंच खायचे. शाकाहाऱ्यांनी कोळंबी काढून टाकायला सांगावी. ते हसतात, पण काढतात.

आपल्या झणझणीत मटणाच्या रश्श्याशी मात्र हिचं जमत नाही. मिरचीनं तुरटपणाही वाढतो आणि अल्कोहोलचा चटकाही. मटण मीठ-मिरपूड लावून नुसतं भाजावं. आणि ‘रूम टेंपरेचर’ हे शब्द स्पेनच्या तळघरासाठी आहेत. आपल्याकडे मे महिन्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, नाहीतर पेल्यात काढा येतो.