अनारशाच्या पिठाची जपणूक

दिवाळीचा फराळ असो वा अधिक मासातील जावयाचे वाण असो, अनारशावाचून ते पुरे झाल्यासारखे वाटत नाही. लाडू-चकल्या आदल्या दिवशीही होतात. अनारशाचे पीठ मात्र निदान चार-पाच दिवस आधी करून मुरवावे लागते आणि पुढे नैवेद्याच्या दिवसापर्यंत निर्दोष राखावे लागते. अनारसा तुपात ‘हसू’ नये म्हणून गृहिणी कितीतरी दक्षता घेतात. तथापि पीठ डब्यात असताना काय होते, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पवनेकाठचे पिंपळे सौदागर हे एके काळी शेतीवाडीचे गाव. आता कोकणे चौकाच्या आसपास उंच इमारतींची दाटी झाली आहे. भिजवलेला तांदूळ पसरायला माजघर नाही आणि बाल्कनीत ओले कपडे वाळत असतात. त्यातून अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन एवढ्यातच येतो, म्हणजे पुष्कळदा ऐन पावसाळ्यात. दिवाळीच्या कोरड्या हवेत खपून जाणारी चूक तेव्हा खपत नाही.

२०२३ सालच्या अधिक श्रावणात आम्हांला याचा प्रत्यय आला. तेहेतीस अनारशांचे पीठ हौसेने करून ठेवले होते. मध्येच कोणी तरी ओल्या हाताने थोडे काढले असावे. वाणाच्या आदल्या संध्याकाळी झाकण उघडले, तो एका कडेला करडी लव दिसली. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले की, वरचा थर काढावा, उरलेले तुपात तळले जाणारच आहे. अन्न टाकू नये. अन्नपूर्णेचा अवमान नको ही भावना आम्हांलाही प्रिय आहे. तरीही ते पीठ आम्ही टाकले, आणि त्याचे कारण सांगणे अवश्य वाटते.

पीठ टिकते ते गुळामुळे. तांदळाच्या पिठात उरलेले पाणी गूळ आपल्याकडे बांधून ठेवतो, म्हणून जंतूंना ते मिळत नाही. इंग्रजांच्या घरी नाताळचे पुडिंग कित्येक आठवडे आधी वाफवून ठेवतात, तेही साखर, सुका मेवा आणि मद्य यांच्याच बळावर टिकते. पण डब्यात बाहेरचे पाणी शिरले की ही बांधणी तेवढ्यापुरती सुटते आणि बुरशीला जागा मिळते. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. ते तळणाच्या उष्णतेनेही पुरते नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन जवळजवळ चारशे माणसांना यकृताचा विकार जडला आणि शंभराहून अधिक दगावली. चमचाभर पिठाची त्याच्याशी तुलना नाही, हे खरे. पण विष कोणत्या बुरशीत आहे हे घरी ओळखता येत नाही.

आणि प्रश्न नैवेद्याचा आहे. देवापुढे ठेवायचे ते आधी चाखायचे नाही, ही आपली रीत. मग पारख डोळ्यांनी आणि पीठ करतानाच्या काळजीने व्हायला हवी. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे व दुर्गंधी अन्न तामस गणले आहे. स्मृतिकारांनी तूप-तेलातल्या पदार्थांना शिळेपणाची सूट दिली, ती न बिघडलेल्या पदार्थांना. वेळ आली तर तेहेतीस बत्तासे ठेवावेत. तेही सच्छिद्रच, आणि वाणाला चालतात.

आता व्यवहाराचे. जुना तांदूळ तीन दिवस भिजवावा आणि पाणी रोज बदलावे. निथळून पंख्याखाली, स्वच्छ कापडावर सावलीत पसरावा. मुठीत दाबला तर हाताला दमट लागेल पण पाणी लागणार नाही, अशा वेळी मिक्सरमधून काढून बारीक चाळावा. पिठाच्या बरोबरीने किंवा किंचित कमी किसलेला गूळ व चमचाभर तूप घालून गोळे करावेत. गूळही कोरडा असावा. पावसाळ्यात सुटलेला, चिकट गूळ घेऊ नये. डबा काचेचा वा स्टीलचा, उन्हात अथवा मंद आचेवर पुरता कोरडा केलेला असावा. एका मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान डबे भरले, तर एक बिघडला तरी बाकीचे वाचतात. शेगडीजवळ आणि फ्रिजच्या माथ्यावर ऊब असते, तेथे ते ठेवू नयेत.

दहा-बारा दिवसांहून अधिक ठेवायचे असेल, किंवा हवा दमट असेल, तर फ्रिज बरा. मात्र डबा बाहेर काढल्यावर तासभर झाकण उघडू नये. थंड पिठावर हवेतील बाष्प दवासारखे जमते, आणि तेच घात करते. पीठ घट्ट झाले म्हणून केळे किंवा दूध घालायचे असेल, तर त्या दिवशी तळायच्या गोळ्यातच घालावे. तो गोळा उरला तर परत डब्यात जाऊ नये.

आमच्या शेजारी गयेकडचे एक कुटुंब आहे. त्यांचे अनारसे गोल, तिळात घोळलेले आणि आत खवा भरलेले असतात. ते त्यांनी आणून दिले की आमच्याकडे त्याच दिवशी संपतात, कारण खवा रात्र काढत नाही. आमची खसखस लावलेली ताटली मात्र त्यांच्याकडे चार दिवस पुरते. २०२६ सालच्या अधिक ज्येष्ठासाठी आम्ही तीन लहान बरण्या वेगळ्या काढल्या आणि कोरडा चमचा प्रत्येकीच्या गळ्याशी दोऱ्याने बांधून टाकला.