मच्छीमार हटला की समुद्र गेला



९ जून २०१९ ची रात्र. दक्षिण चीन समुद्रात रीड बँकजवळ फिलिपिन्सची एक लाकडी बोट नांगर टाकून उभी होती. बोटीवर २२ खलाशी. मध्यरात्रीच्या सुमारास एका चिनी बोटीने तिला धडक दिली. मुद्दाम दिली की चुकून, यावर पुढे बराच वाद झाला. पण माणसं बुडत असताना ती बोट निघून गेली. काही तासांनी त्यांना वर काढलं ते व्हिएतनामच्या मच्छीमारांनी. बावीसच्या बावीस वाचले.

त्याच समुद्रातल्या बेटांवरून व्हिएतनाम आणि फिलिपिन्सचंही भांडण आहे. तरी पाण्यातल्या माणसाला त्यांनी झेंडा विचारला नाही.

तिथल्या स्कारबरो शोलची गोष्ट तर आणखी कठीण. लुझॉन किनाऱ्यापासून हे ठिकाण सुमारे १२० सागरी मैल. २०१२ पासून त्यावर चीनचा ताबा आहे. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने सांगितलं की फिलिपिन्सच्या मच्छीमारांना तिथे अडवणं बेकायदा आहे. चीनने निकाल मानला नाही. २०२३ मध्ये तर तोंडावरच सुमारे ३०० मीटर लांबीचा तरंगता अडथळा बांधला. फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाने तो कापून काढला.

यालाच 'ग्रे झोन' म्हणतात. गोळी झाडायची नाही, युद्ध पुकारायचं नाही. पाण्याचे फवारे मारायचे, आडवं यायचं, घेरायचं. डिझेल जाळून रिकाम्या हाताने परतणारा तांडेल किती दिवस जाईल? तो थांबला की समुद्र आपोआप दुसऱ्याचा.

एकटा देश इथे कमी पडतो. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये फिलिपिन्स आणि व्हिएतनामने तटरक्षक सहकार्याचे करार केले. ऑगस्टमध्ये मनिलाजवळ दोघांनी मिळून शोध-बचाव आणि आग विझवण्याचा सराव केला. जपानने फिलिपिन्सला गस्ती जहाजं दिली आहेत. शिवाय फिलिपिन्स आता पत्रकारांना जहाजावर नेतो, व्हिडिओ जगाला दाखवतो. अंधारातली दादागिरी उजेडात आणली की तिची किंमत वाढते.

आपण यातून काय घ्यायचं? समुद्रात काही वावगं घडलं तर वेळ आणि जीपीएस पोझिशन लिहून ठेवा, मोबाईलवर चित्रण करा. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ नंबर लावा. आणि कोणी पाण्यात दिसला तर बोट कुठली ते नंतर विचारा, आधी दोर टाका.