हॅगलर हरला कुठे?

मार्व्हिन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांच्या लढतीचा विषय निघाला की बॉक्सिंगवाल्यांमध्ये आजही दोन तट पडतात. ही लढत ६ एप्रिल १९८७ ला झाली, लास व्हेगासमध्ये, सीझर्स पॅलेस हॉटेलच्या आवारात खास उभारलेल्या खुल्या रिंगणात. बाराच्या बारा फेऱ्या झाल्या, कोणीही खाली पडलं नाही. तीन पंचांपैकी दोघांनी लेनर्डला कौल दिला, एकाने हॅगलरला. अकरा वर्षं एकही लढत न हरलेला, साडेसहा वर्षं मिडलवेट गटाचा जगज्जेता असलेला हॅगलर तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. त्या रात्री त्याचा किताब गेला आणि तो पुन्हा कधीच रिंगमध्ये उतरला नाही.

शालेय आणि जिल्हा पातळीच्या स्पर्धांमध्ये मी बरीच वर्षं पंच म्हणून रिंगच्या कडेला बसले. ज्या व्यायामशाळेत मी शिकले, तिथे ही लढत व्हिडिओ कॅसेटवर पाहिली जायची आणि प्रत्येक वेळी भांडणं व्हायची. आमचे सर हॅगलरचे कट्टर भक्त होते. ‘त्याला लुटलं’ याच्यापलीकडे ते एक शब्द ऐकून घ्यायचे नाहीत. हॅगलर माझाही लाडका. तरीसुद्धा माझं मत सरांपेक्षा वेगळं आहे: ही लढत त्याच्याकडून कोणी चोरली नाही, त्याने पहिल्या काही फेऱ्यांमध्ये ती स्वतः देऊन टाकली. का दिली, हे समजायचं तर गुण कसे मोजतात ते आधी पाहिलं पाहिजे, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसलेले तीन पंच एकमेकांशी न बोलता प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजतात. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९. कोणी खाली पडलं तर ८. आपल्याकडच्या निवडणुकीसारखंच आहे हे: मतदारसंघ लाखाच्या फरकाने जिंका नाहीतर शंभर मतांनी, जागा एकच धरतात. एखाद्या फेरीत तुम्ही प्रतिस्पर्ध्याचे गुडघे लटपटवलेत आणि पुढच्या फेरीत त्याने तुम्हाला केवळ दोन-चार ठोसे जास्त मारले, तरी हिशेब बरोबरीतच राहतो. बारा फेऱ्यांत सात-पाच असा निकाल लागला की पत्रकावर ११५-११३ दिसतं.

लास व्हेगासमध्ये लू फिलिपो या पंचाने हॅगलरला ११५-११३ असं जिंकवलं. डेव्ह मोरेट्टीने नेमके तेच गुण लेनर्डला दिले. तिसऱ्या जोजो ग्वेराच्या पत्रकावर मात्र लेनर्ड ११८-११०, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या लेनर्डच्या. मी ही लढत कितीही सहानुभूतीने पाहिली तरी मला लेनर्डच्या दहा फेऱ्या सापडत नाहीत. सरांचा सगळा राग या एका आकड्यावर होता आणि तेवढा राग रास्तच होता. पण एक गोष्ट ते विसरायचे. ग्वेराच्या जागी खरं तर हॅरी गिब्ज हा इंग्रज पंच बसायचा होता. त्याच्या नावाला हरकत घेतली ती हॅगलरच्याच गोटाने.

ही हरकत कुठून आली असेल? हॅगलरचा पंचांवर विश्वासच नव्हता, आणि त्याला कारणं होती. न्यूअर्कमध्ये जन्मलेला हा मुलगा १९६७ च्या दंगलीनंतर आईबरोबर मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी आला आणि गुडी व पॅट पेट्रोनेली या भावांच्या व्यायामशाळेत शिकला. १९७३ मध्ये पहिल्या व्यावसायिक लढतीचे त्याला ५० डॉलर मिळाले. लेनर्डने १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं आणि पुढच्याच वर्षी पहिल्या लढतीचे सुमारे ४० हजार डॉलर घेतले. त्याच १९७६ मध्ये हॅगलर फिलाडेल्फियात तिथल्याच माणसांशी लढून दोन लढती गुणांवर हरला होता. १९७९ मध्ये व्हिटो अँट्युओफेर्मोशी पहिल्यांदा किताबाची लढत झाली, ती बरोबरीत सुटल्याचं जाहीर झालं. बरोबरी झाली की पट्टा जुन्या विजेत्याकडेच राहतो. पुढच्या वर्षी लंडनच्या वेम्बलीत त्याने तीन फेऱ्यांत ॲलन मिंटरला संपवून किताब घेतला, तेव्हा प्रेक्षकांनी रिंगमध्ये बाटल्या फेकल्या. पट्टा कमरेला न बांधताच तो पोलिसांच्या गराड्यातून बाहेर पडला. एवढं सोसलेल्या माणसाला इंग्रज पंच नको वाटला, तर त्यात नवल नाही.

मग त्याने बारा वेळा किताब राखला. १९८५ मधली टॉमी हर्न्सविरुद्धची लढत आठ मिनिटांतच संपली, पण बॉक्सिंगप्रेमी अजून तिची पारायणं करतात. मार्च १९८६ मध्ये जॉन मुगाबीविरुद्ध मात्र अकरा फेऱ्या घाम गाळावा लागला. तो जिंकला, पण पूर्वी सहज चुकवले असते असे ठोसे त्या रात्री त्याने खाल्ले. मुष्टियोद्ध्याचं वय आधी पायांत उतरतं. हाताची ताकद पुष्कळ टिकते, परंतु एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला लागणारा तो निमिषभराचा वेळ वाढत जातो. रिंगजवळ बसून मुगाबीची लढत पाहणाऱ्या लेनर्डने हे हेरलं. डोळ्याचा पडदा सरकल्यामुळे त्याने १९८२ मध्ये बॉक्सिंग सोडलं होतं आणि पाच वर्षांत तो फक्त एकदा लढला होता. तरी त्याने आव्हान दिलं.

वाटाघाटीत हॅगलरने १.२ कोटी डॉलरची हमी घेतली, लेनर्डला १.१ कोटी. लेनर्डने पैसे कमी घेतले, पण बदल्यात बाकी सगळं मागून घेतलं: वीस फुटी मोठी रिंग, आठऐवजी दहा औंसांचे हातमोजे आणि फेऱ्या बारा, पंधरा नाहीत. मोठ्या रिंगमध्ये पळणाऱ्याला जागा मिळते. जाड मोज्यांतून ठोशाची धार कमी होते. पण मला सर्वांत जड वाटते ती फेऱ्यांची अट. १९८३ मध्ये रोबेर्तो दुरानशी हॅगलर पंधरा फेऱ्या लढला होता. तेराव्या फेरीअखेर दोन पंचांकडे दुरान एका गुणाने पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी होती. शेवटच्या दोन फेऱ्या काढून हॅगलरने किताब वाचवला. उशिरा तापणाऱ्या माणसाला या जास्तीच्या फेऱ्या म्हणजे हक्काची ठेव होती, आणि लेनर्डशी लढताना ती त्याच्याजवळ नव्हती.

आता प्रत्यक्ष लढत. हॅगलर डावखुऱ्या पवित्र्याचा: उजवा हात आणि उजवा पाय पुढे, डावा हात मागे राखून ठेवलेला. समोरच्याला हा पवित्रा उलटा पडतो, सगळे कोन बदलतात. मात्र त्या रात्री घंटा झाली आणि हॅगलर डावा पाय पुढे टाकून, उजव्या हाताने लढणाऱ्यासारखा उभा राहिला. दोन्ही पवित्र्यांत आपण तयार आहोत, हे त्याला जणू दाखवायचं होतं. लेनर्डला काय, आयुष्यभर ज्या कोनांची सवय त्याच कोनांत समोरचा उभा! तो भोवती फिरत राहिला, दोन-तीन ठोसे मारून बाजूला झाला, जवळ आलेल्या हॅगलरला मिठी मारून अडकवत राहिला. पहिल्या दोन्ही फेऱ्या तिन्ही पंचांनी लेनर्डला दिल्या. तिसऱ्या फेरीत हॅगलर आपल्या मूळ पवित्र्यावर आला, तरी सूर सापडायला त्याला आणखी वेळ लागला.

पाचव्या फेरीत एका अपरकटने त्याने लेनर्डचे गुडघे वाकवले. तिथून पुढे नववीपर्यंत मला हॅगलरच दिसतो, एक सहावी सोडून. नववी तर ज्याने बॉक्सिंग कधी पाहिलं नाही त्यानेही पाहावी. डाव्या हाताच्या ठोशाने हादरलेला लेनर्ड कोपऱ्यात सापडतो, आता संपला असं वाटतं, आणि दमलेला असूनही तो दोन्ही हातांनी एवढ्या वेगाने ठोसे सोडतो की हॅगलरला क्षणभर थांबावं लागतं.

लेनर्डची खरी करामत फेरीच्या शेवटी होती. तीस सेकंद उरले की त्याच्या कोपऱ्यातून हाक यायची, आणि तोवर दम राखून ठेवलेला लेनर्ड ठोशांची सरबत्ती करायचा. त्यातले निम्मे हॅगलरच्या दंडांवर आणि मोज्यांवर आपटायचे. पण पंधरा हजार लोक उठून ओरडायचे, आणि पुढच्या मिनिटभरात पंचाला पत्रक भरायचं असायचं. मी त्या खुर्चीवर बसले आहे, म्हणून सांगते: अडीच मिनिटांचं चिवट, नीरस काम आणि शेवटचा अर्ध्या मिनिटाचा झगमगाट यांत दुसरी गोष्ट डोळ्यांत राहते. ती बाजूला ठेवून पहिली आठवणं, हेच पंचाचं काम.

हॅगलरचे चाहते म्हणतात, पाठलाग कोण करत होतं ते बघा. पण नुसतं पुढे जाण्याला गुण नाहीत, पुढे जाऊन ठोसा लागला पाहिजे. मोजणी करणाऱ्यांच्या हिशेबात लेनर्डचे ६२९ पैकी ३०६ ठोसे लागले, हॅगलरचे ७९२ पैकी २९१. मला हॅगलरचे ठोसे अधिक जड वाटतात, आणि ते तसे होतेही. फक्त पंधराने कमी होते, आणि त्यातले फार थोडे पहिल्या चार फेऱ्यांतले होते.

दुसरा मुद्दा सर हमखास काढायचे: जगज्जेत्याला हरवायचं तर निर्विवाद हरवावं लागतं. ही समजूत जुनी आहे, गोड आहे, पण नियमात कुठेही नाही. पत्रकावर विजेता आणि आव्हानवीर दोघांच्या नावापुढे पहिल्या फेरीला शून्यच असतं.

आपल्याकडे हीच हळहळ टोकियो ऑलिंपिकच्या वेळी झाली. २९ जुलै २०२१ ला अडतीस वर्षांची मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून ३-२ अशी हरली. दुसरी आणि तिसरी फेरी पाचपैकी तीन-तीन पंचांनी मेरीला दिली होती, तरी हार! अनेकांना यात घोटाळाच दिसला. पण निकाल फेऱ्यांच्या बहुमताने लागत नाही, प्रत्येक पंचाच्या एकूण बेरजेवर लागतो. पहिली फेरी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली होती. नंतरच्या फेऱ्यांत मेरीला मिळालेले तीन पंच तेच ते नव्हते, त्यामुळे तीन पत्रकांच्या बेरजेत ती मागे राहिली. तिथेही लढत पहिल्या फेरीतच निसटली होती.

हॅगलर शेवटपर्यंत म्हणत राहिला की लढत संपल्यावर लेनर्डने आपल्या कानात हार मान्य केली होती. लेनर्डने ते नाकारलं. हॅगलरने वर्षभर परतीच्या लढतीची वाट पाहिली, जून १९८८ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि इटलीत जाऊन सिनेमांत कामं केली. १३ मार्च २०२१ ला तो गेला.

माझं पत्रक असं: पहिल्या चार, सहावी, अकरावी आणि बारावी लेनर्डच्या, उरलेल्या पाच हॅगलरच्या. ११५-११३. सहावीबद्दल कोणी माझ्याशी वाद घातला तर मी ऐकून घेईन. पण पहिल्या दोन फेऱ्यांबद्दल वादाला जागाच नाही, आणि मला तेच सलतं. हॅगलर पहिल्या घंटेपासून आपल्या डावखुऱ्या पवित्र्यात उभा राहिला असता आणि त्या दोनपैकी एक फेरी जरी त्याची झाली असती, तर मोरेट्टीच्या पत्रकावर ११४-११४ झाले असते. फिलिपो हॅगलरकडे, ग्वेरा लेनर्डकडे, मोरेट्टी मध्ये. लढत बरोबरीत सुटली असती आणि पट्टा हॅगलरकडेच राहिला असता.