स्पॅनिश आख्याताची वर्तमानकालीन रूपे

स्पॅनिश भाषेच्या कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकात नियमित क्रियापदांची तीन कोष्टके दिलेली असतात. ज्यांचे तुमन्त ‘आर’, ‘एर’ किंवा ‘ईर’ यांनी संपते असे क्रियापदांचे तीन वर्ग, प्रत्येक वर्गात तीन पुरुष व दोन वचने मिळून सहा रूपे, एकूण अठरा. विद्यार्थी ती घोकतो, परीक्षेत बिनचूक उतरवितो, आणि पुढे अनियमित क्रियापदांचे प्रकरण उघडले की हताश होतो. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे मराठीभाषी विद्यार्थ्यांना ही भाषा शिकविली आहे. ही अठरा रूपे घोकण्यापेक्षा त्यांचे पृथक्करण करावे, आणि त्यासाठी आपल्या परंपरेतील व्याकरणाच्या संज्ञा इंग्रजी क्रमिक पुस्तकांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, असे त्याचे मत झाले आहे. ते येथे सोदाहरण मांडावयाचे आहे.

प्रथम रूपे पाहू. स्पॅनिशमध्ये ह् हे अक्षर अनुच्चारित असते, आणि ब् व व् यांच्या उच्चारात भेद नाही; म्हणून पुढील लेखन उच्चारानुसारी आहे. आघात ईकारावर असेल तेथे तो दीर्घ लिहिला आहे. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. ‘कोमेर’ म्हणजे खाणे: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. ‘बिबीर’ म्हणजे जगणे किंवा राहणे: बीबो, बीबेस, बीबे, बिबीमोस, बिबीस, बीबेन.

संस्कृत व्याकरण शिकलेल्याला यात ओळखीचा सांगाडा तत्काळ दिसावा. ‘भवति’ या रूपात धातू, विकरण आणि पुरुषवाचक प्रत्यय असे तीन अवयव आपण मानतो. तेच येथे करावे. धातू ‘आब्ल्’, विकरणस्थानी ‘आ’, आणि पुढे प्रत्यय. दुसऱ्या वर्गात विकरण ‘ए’, तिसऱ्यात ‘इ’. प्रत्यय मात्र तिन्ही वर्गांत एकच: ओ, स्, लोप, मोस, इस, न्. तृतीय पुरुष एकवचनात प्रत्यय दिसत नाही. तेथे प्रत्ययच नाही असे न म्हणता पाणिनीय रीतीने त्याचा लोप झाला असे म्हणणे सोयीचे. उरलेल्या विसंगती दोनच नियमांत मावतात. एक, प्रथम पुरुषाच्या ‘ओ’पूर्वी विकरणस्वर जातो. दुसरा, तिसऱ्या वर्गातील ‘इ’ आघातरहित झाल्यास ‘ए’ होते. म्हणून बीबेस, बीबे, बीबेन, परंतु आघात विकरणावर असता बिबीमोस. ‘बिबीस’मध्ये विकरणाचा व प्रत्ययाचा इकार मिळून सवर्णदीर्घ झाला आहे असे समजण्यास हरकत नाही. अठरा रूपांच्या जागी तीन विकरणे, सहा प्रत्यय व दोन नियम उरले.

अर्थात हे केवळ वर्णनाच्या सोयीसाठी केलेले विभाजन आहे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर इतिहास देतो. लॅटिनमध्ये ‘वीवो, वीविस, वीवित, वीविमुस, वीवितिस, वीवुन्त’ अशी रूपे होती. त्यांच्या शेजारी ‘जीवामि, जीवसि, जीवति, जीवामः, जीवथ, जीवन्ति’ ठेवावी. धातूही एकाच मूळ इंडो-युरोपीय धातूचे वंशज आहेत. लॅटिनमधील अंत्य ‘त्’ स्पॅनिशमध्ये नष्ट झाला, म्हणून तृतीय पुरुष एकवचन उघडे पडले. ‘न्त’मधील ‘न्’ तेवढा टिकला. द्वितीय पुरुष बहुवचनात लॅटिन ‘कान्तातिस’पासून जुन्या स्पॅनिशमध्ये ‘कान्तादेस’ झाले आणि पुढे मधला ‘द्’ गळून ‘कान्ताइस’. लॅटिनची चार गणे स्पॅनिशमध्ये तीनच उरली. दुसऱ्या व तिसऱ्या गणाचे मिश्रण होऊन काही धातू एर-वर्गात, तर ‘वीव्’सारखे काही ईर-वर्गात गेले. १४९२ साली आन्तोनिओ दे नेब्रिहा यांनी कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, त्यातही तीनच गणे आहेत.

जाता जाता ‘कोमेर’ची गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याचे लॅटिन मूळ ‘कोमेदेरे’: ‘कोम्’ हा उपसर्ग आणि ‘एद्’ हा धातू. हा ‘एद्’ म्हणजे आपल्या ‘अत्ति’मधील ‘अद्’चा सख्खा भाऊ. स्पॅनिशमध्ये स्वरांमधला ‘द्’ गेला, स्वर एकमेकांत मिळाले, आणि ‘कोमेर’ उरले. म्हणजे आज ज्याला आपण धातू म्हणतो तो ‘कोम्’ वस्तुतः उपसर्ग आहे. खाण्याचा अर्थ वाहणारा धातू पूर्णपणे नाहीसा झाला. भाषेचा व्यवहार याने अडला नाही. ऐतिहासिक व्युत्पत्ती आणि वर्णनात्मक पृथक्करण यांची गल्लत करू नये, याचे याहून बोलके उदाहरण वर्गात सांगण्यास मिळणे कठीण.

आता आघाताकडे वळतो, कारण कोष्टकांत नेमकी हीच गोष्ट झाकली जाते. एकवचनाची तीन रूपे व तृतीय पुरुष बहुवचन या चार ठिकाणी आघात धातूवर असतो. उरलेल्या दोन ठिकाणी विकरणावर. नियमित क्रियापदात याचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विद्यार्थी त्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु ‘पोदेर’ (शकणे) घ्यावे: प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, पोदेमोस, पोदेइस, प्वेदेन. किंवा ‘केरेर’ (इच्छिणे): क्येरो, पण केरेमोस. पाठ्यपुस्तके यांना अनियमित म्हणतात. वस्तुतः यांचे विकरण व प्रत्यय ‘कोमेर’चेच आहेत. बोलभाषेतील लॅटिनचे विवृत ‘ओ’ व ‘ए’ आघात पडला असता स्पॅनिशमध्ये फुटून द्विस्वर झाले. आघात नव्हता तेथे मूळ स्वर राहिला. ज्याने ‘आब्लो’ व ‘आब्लामोस’ यांतील आघात कानाने ओळखला, त्याला ‘प्वेदो’ व ‘पोदेमोस’ आपोआप सुचतात. संस्कृतातील ‘एमि’ व ‘इमः’ यांत दिसणारा सबल-दुर्बल अंगांचा भेद याच जातीचा आहे. फरक एवढाच की संस्कृतात ‘यन्ति’ दुर्बल बाजूस जाते, तर स्पॅनिशमध्ये ‘प्वेदेन’ एकवचनाच्या पंक्तीला बसते.

सर्वनामाच्या बाबतीत आमचे विद्यार्थी जी चूक करतात ती मात्र त्यांची नव्हे, माध्यमाची आहे. ‘यो आब्लो’, ‘यो कोमो’ असे ‘मी’वाचक ‘यो’ ते प्रत्येक वाक्यात घालतात. प्रत्ययानेच पुरुष कळत असल्यामुळे स्पॅनिशमध्ये सर्वनाम येते ते भर देण्यासाठी किंवा भेद दाखविण्यासाठी. मराठी माणूस ‘येतोस का?’ म्हणतो तेव्हा ‘तू’ची वाट पाहत नाही. मग स्पॅनिश बोलताना त्याला ‘यो’ का लागते? कारण तो ती इंग्रजीवरून शिकतो. काळाच्या अर्थाविषयीही हेच. ‘बीबो आकी देस्दे एनेरो’ याचे ‘जानेवारीपासून येथे राहतो’ असे सरळ वर्तमानकाळी मराठी होते. इंग्रजीला तेथे पूर्ण काळ योजावा लागतो, आणि विद्यार्थी तो विनाकारण स्पॅनिशवर लादतो.

आदरार्थी ‘उस्तेद’चेही तसेच. संबोधन समोरच्या व्यक्तीला, आणि क्रियापद तृतीय पुरुषी: ‘उस्तेद आब्ला’. ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या संबोधनाचा तो संक्षेप असल्यामुळे तृतीय पुरुष आला. इंग्रजीतून पाहणाऱ्यास हे विक्षिप्त वाटते; ‘भवान् गच्छति’ शिकलेल्यास त्यात नवल ते काय?

मराठीशी साम्य किती ताणावे यालाही मर्यादा आहे. ‘करतो’ व ‘करते’ हा लिंगभेद स्पॅनिश आख्यातात नाही, कारण आपला आजचा वर्तमानकाळ धातुसाधित विशेषणापासून झाला आहे. संस्कृतच्या लट् लकाराचा खरा वारस आपल्याकडे रीतिभूतकाळात जाऊन बसला: ‘तो बसे’, ‘ते बसत’. यातील ‘त’ हा जुन्या ‘न्ति’चा अवशेष, म्हणजे ‘आब्लान’मधील ‘न्’चा तो दूरचा नातेवाईक. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्यांना हा सांगाडा ‘फालो, फालास, फाला’ या रूपांत भेटलेला आहे. ‘फालार’ आणि ‘आब्लार’ ही एकाच लॅटिन क्रियापदाची अपत्ये आहेत. स्पॅनिशने आद्य ‘फ्’चा प्रथम ‘ह्’ केला आणि मग तोही सोडला.

सहा रूपांचे कोष्टक सर्व स्पॅनिशभाषी जगात सहाचेच राहिलेले नाही, हेही विद्यार्थ्याला आरंभीच सांगावे. लॅटिन अमेरिकेत ‘आब्लाइस’ व्यवहारातून गेले असून अनेकांना उद्देशून ‘उस्तेदेस आब्लान’ म्हणतात. अर्जेंटिनात एकट्या परिचितासाठी ‘बोस’ हे सर्वनाम चालते, आणि त्याचे रूप जुन्या बहुवचनापासून आलेले असल्यामुळे आघात शेवटच्या अक्षरावर पडतो. तेथील ‘आब्लास’ आणि माद्रिदचे ‘आब्लास’ देवनागरीत सारखेच दिसतात. भेद तेवढा आघाताचा. ‘पोदेर’चे रूप मात्र तेथे ‘प्वेदेस’ नसून ‘पोदेस’ आहे, आणि तसे का, हे वरील नियम ज्याच्या ध्यानात आला त्याला वेगळे सांगावे लागत नाही.