इतिहास कसा अभ्यासावा?

‘इति-ह-आस’, म्हणजे ‘असें खरोखर झालें’, हा इतिहास या शब्दाचा अर्थ होय. परंतु शाळेंतील विद्यार्थी जें पाठ करितो तें बहुधा सनावळीपलीकडे जात नाहीं. ‘पानिपतावर मराठे कां हरले?’ असें विचारलें, कीं ‘भाऊसाहेबांच्या हट्टामुळें’ हें उत्तर तयार असतें. एवढी मोठी घटना एका वाक्यांत संपली, म्हणजे अभ्यास व्हावयाचा राहिला असें समजावें.

प्रथम राजकारण पाहावें. १७५२ च्या करारानें दिल्लीच्या बादशाहीच्या रक्षणाचा भार मराठ्यांनीं पत्करला. अबदालीशीं वैर त्यांतूनच ओघानें आलें. पण उत्तरेंत मित्र जोडले गेले नाहींत. नजीबखानानें शुजाउद्दौल्यास अबदालीच्या गोटांत नेलें, सुरजमल जाट निघून गेला व राजपूत तटस्थ राहिले.

नंतर युद्धाची बाजू. ऑक्टोबर १७६० मध्यें मराठ्यांनीं कुंजपुरा घेतला. परंतु त्याच महिन्यांत अबदाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट अडवून बसला. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले व रसद आटली. १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी फौज लढाईस निघाली. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनीं रोहिल्यांची दाणादाण केली. पण दुपारीं अबदालीनें राखून ठेवलेली फौज पुढें घातली, आणि तिला तोंड देण्यास मराठ्यांजवळ ताजें दळ उरलें नव्हतें.

तिसरी बाजू समाजाची. या लष्कराबरोबर बायकामुलें, यात्रेकरू व बाजारबुणगे यांचा मोठा समुदाय होता. त्या काळीं दूरची यात्रा फौजेच्या आश्रयानेंच निर्भयपणें घडे, म्हणून भाविक मंडळी तिच्यासवें निघत. पण एकदां रसद तुटली, कीं हीं सारीं तोंडें त्याच तुटपुंज्या धान्यावर येतात. लोकरीति आणि युद्धनीति यांची अशी गांठ पडते.

आतां प्रमाणांचा विचार. काशीराज शुजाच्या पदरीं होता. त्यानें लढाई पाहिली, पण लिहिलें सुमारें वीस वर्षांनीं. बखरींत रस आहे, तरी तपशील पारखून घ्यावा लागतो. पत्रें त्या त्या वेळचीं खरीं. पण लिहिणाराला आपल्याच बाजूचें दिसे. तिन्ही ताडून पाहावीं, आणि न जुळेल तेथें निर्णय राखून ठेवावा. ‘पानिपतानें मराठी सत्ता बुडाली’ हेंही असेंच घाईचें वाक्य. १७७१ त मराठे पुन्हां दिल्लींत होते.

शेवटीं घरांतील वडील मंडळींस एक विनंती. राजवाड्यांनीं १८९८ त प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडानें पानिपतकालीन पत्रें उजेडांत आणिलीं. पुढील खंडांसाठीं त्यांनीं घरोघरचीं दप्तरें धुंडाळिलीं. आपल्या माळ्यावरहि एखादें मोडी रुमाल असेल. तें वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावें, आणि मुलास जवळ बसवून वाचवून घ्यावें. पूर्वजांनीं कोणास किती कर्ज दिलें, एवढें जरी त्यांत निघालें, तरी इतिहास हा माणसांचा असतो, हें त्या मुलास कळेल.