नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन : महाविद्यालयाची निवड

जमीन, पाणी, जंगले, चराऊ राने आणि त्यांच्या आश्रयाने नांदणारी जीवसृष्टी या सर्वांना मिळून नैसर्गिक साधनसंपत्ती असे म्हणतात. ही संपत्ती आजच्या माणसांना पुरावी आणि उद्याच्या पिढीसाठी शिल्लकही राहावी, यासाठी तिचा वापर, संवर्धन आणि वाटप यांचे नियोजन करणारे शास्त्र म्हणजे नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन. शेतीत, वनात किंवा पाणलोटाच्या कामावर राबलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला हा विषय जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विषय आवडणे वेगळे आणि त्याच्या शिक्षणासाठी योग्य महाविद्यालय निवडणे वेगळे. संसार आणि रोजगार सांभाळून शिकणाऱ्या व्यक्तीची निवड चुकली, तर केवळ शुल्काचे पैसे जात नाहीत. मोठ्या कष्टाने मोकळी केलेली तीन-चार वर्षेही वाया जातात. म्हणून हा निर्णय जाहिरात पाहून नव्हे, तर विचारपूर्वक घ्यावा लागतो.

विषयाची दोन अंगे

या शास्त्राला विज्ञानाचे एक अंग आहे आणि समाजाचे दुसरे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी अडवणे, साठवणे आणि उपसणे हा त्या प्रयोगाचा तांत्रिक भाग होता. परंतु त्याचे खरे वेगळेपण वाटपाच्या नियमांत होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला गेला, भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला आणि उसासारखे अतिशय पाणी पिणारे पीक वर्ज्य करण्यात आले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागेही ग्रामसभेने केलेले वनाचे जतन होते.

यावरून एक कसोटी हाती येते. जे महाविद्यालय मृदाशास्त्र, जलशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवते, पण गाव, कायदा आणि लोकसहभाग यांकडे पाठ फिरवते, तेथील शिक्षण अपुरे असते. जे केवळ लोकसहभागाची भाषा शिकवते, पण जमिनीचा उतार मोजायला शिकवत नाही, तेथील शिक्षणही तितकेच अपुरे असते.

आधी उद्दिष्ट, मग महाविद्यालय

‘नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन’ या नावाची पदवी थोड्याच ठिकाणी मिळते. बहुतेक ठिकाणी हा विषय वनशास्त्र, कृषी, मृद व जलसंधारण अभियांत्रिकी, पर्यावरणशास्त्र किंवा ग्रामीण व्यवस्थापन या अभ्यासक्रमांतून शिकवला जातो. म्हणून शिक्षणानंतर काय करायचे आहे, हे प्रथम ठरवावे.

वनशास्त्र किंवा कृषी या चार वर्षांच्या पदवीसाठी बारावीला विज्ञान शाखेचे विषय लागतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित असावे लागते. मुक्त विद्यालयात पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय उपलब्ध आहे. परंतु तो या विषयांची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे ज्याला वनशास्त्राकडे जायचे आहे, त्याने बारावीचे विषय निवडतानाच ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

शासकीय सेवेचे ध्येय असेल, तर अधिक सावध राहावे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय घेऊन मिळवलेली पदवी, अथवा कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांची पदवी आवश्यक असते. नावात ‘पर्यावरण’ हा शब्द आहे, एवढ्यावरून कोणतीही पदवी पात्र ठरत नाही.

कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा मार्ग मात्र बंद होत नाही. भोपाळ येथील भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. तेथील शुल्क काही लाखांच्या घरात असल्याने त्याची तरतूद आधीच करावी लागते.

मान्यतेची पडताळणी

महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि ते विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी होय. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. कृषी आणि वनशास्त्राच्या बाबतीत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती महत्त्वाची ठरते. संलग्नता ‘प्रस्तावित’ असल्याचे सांगणाऱ्या संस्थेत शुल्क भरू नये.

महाराष्ट्रात दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत वनशास्त्राचे शिक्षण मिळते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही जवळचे पर्याय आहेत : गुजरातेत नवसारी, मध्य प्रदेशात जबलपूर, कर्नाटकात शिरसी आणि तेलंगणात हैदराबादजवळील मुलुगू. शासकीय जागा आणि राज्याच्या शिष्यवृत्त्या यांचा संबंध बहुधा अधिवासाशी असतो. म्हणून मातृभाषेच्या प्रदेशापेक्षा ज्या राज्याचे अधिवास प्रमाणपत्र मिळते, त्या राज्यातील महाविद्यालय अनेकदा स्वस्त पडते.

गुणवत्तेच्या खुणा

इमारतीच्या भव्यतेवरून या विषयाची गुणवत्ता कळत नाही. महाविद्यालयाकडे रोपवाटिका, माती व पाणी तपासण्याची प्रयोगशाळा, हवामान नोंदणीची साधने आणि प्रत्यक्ष कामासाठी शिवार किंवा वनक्षेत्र आहे का, हे जाऊन पाहावे. कृषी पदवीत ग्रामीण कार्यानुभवाचे सत्र असते. ते विद्यार्थी खरोखर गावात राहून पूर्ण करतात की कागदावर, याची चौकशी शिकत असलेल्या विद्यार्थ्यांकडेच करावी. पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि मागील तीन वर्षांत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आज कोठे काम करतात, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. चांगली संस्था त्यांची उत्तरे नावनिशीवार देते.

खरा खर्च कसा काढावा

शुल्क म्हणजे खर्च नव्हे. उदाहरणादाखल दोन महाविद्यालयांची कल्पना करू. पहिले खाजगी असून घराजवळ आहे. त्याचे वार्षिक शुल्क ९०,००० रुपये, प्रवासखर्च १२,००० रुपये आणि पुस्तके व अभ्याससहली यांचा खर्च ८,००० रुपये आहे. वर्षाचा एकूण खर्च १,१०,००० रुपये होतो. दुसरे शासकीय, पण दूर आहे. शुल्क ३०,०००, वसतिगृह व खानावळ ४५,०००, गावी येण्याजाण्याचा खर्च ६,००० आणि पुस्तके व सहली ८,००० रुपये, असे मिळून वर्षाला ८९,००० रुपये लागतात. ‘घरी राहिल्याने पैसे वाचतात’ हा समज येथे खोटा ठरतो. चार वर्षांत दुसरे महाविद्यालय ८४,००० रुपयांनी स्वस्त पडते.

मात्र प्रौढ विद्यार्थ्याने या हिशेबात बुडणारी मजुरीही धरली पाहिजे. घराजवळ राहून सुट्टीच्या दिवशी वर्षाला २५,००० रुपये मिळवता येत असतील आणि दूर गेल्यावर ती कमाई थांबणार असेल, तर दुसऱ्या महाविद्यालयाचा वार्षिक भार १,१४,००० रुपये होतो आणि पारडे फिरते. म्हणून हा हिशेब दुसऱ्याचा उसना घेऊन चालत नाही; प्रत्येकाने तो स्वतःच मांडावा लागतो. प्रवेशाच्या वेळची अनामत रक्कम आणि परीक्षा शुल्क यांची चौकशी करून लेखी तपशील घ्यावा.

साहाय्याचे मार्ग

केंद्र शासनाच्या शिष्यवृत्त्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर आणि महाराष्ट्र शासनाच्या योजना महाडीबीटी संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र लागते. हे दाखले मिळण्यास वेळ लागतो. म्हणून निकालाची वाट न पाहता ते आधीच काढून ठेवावेत. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज मिळण्याची सोय आहे. तरीही कर्ज घेण्यापूर्वी त्याचा मासिक हप्ता आणि नोकरीत मिळू शकणारा आरंभीचा पगार यांची तुलना करावी.

ज्याला घर किंवा काम सोडणे शक्य नाही, त्याच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पाणलोट व्यवस्थापनातील पदविका अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर तो करता येतो. येथे एक इशारा आवश्यक आहे. कृषी विषयाची पदवी दूरशिक्षणाने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी नाही. घरबसल्या अशी पदवी देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर त्यापासून दूर राहावे.

निर्णय

अखेरीस तीन किंवा चार महाविद्यालयांची नावे एका कागदावर लिहावीत. प्रत्येकासमोर मान्यता, प्रवेशाची पात्रता, प्रत्यक्ष कामाची सोय, एकूण खर्च आणि मिळू शकणारे साहाय्य यांची नोंद करावी. मान्यता नसलेले आणि आपली पात्रता न बसणारे नाव लगेच खोडावे. उरलेल्यांपैकी किमान एका महाविद्यालयाला प्रवेशापूर्वी भेट द्यावी. तो एका दिवसाचा प्रवासखर्च वाया जात नाही. जमीन आणि पाणी हाताळताना उपलब्ध साधन किती, गरज किती आणि पुढे काय उरेल, याचा विचार करावा लागतो. स्वतःचा पैसा आणि आयुष्यातील वर्षे हीदेखील मर्यादित साधने आहेत. त्यांच्या बाबतीतही हाच विचार जो करतो, त्याच्या या विषयातील शिक्षणाला प्रवेशापूर्वीच आरंभ झालेला असतो.